म्हैस वांझ ठरण्याआधी

म्हशीचे गाभणपण सरासरी 310 दिवसांचे असते. वर्षातले उरतात 55 दिवस. गाय 280 दिवसांत मोकळी होते, त्यामुळे वर्षाला एक वासरू हे माप तिला लावता येते. म्हशीला ते लावणे अन्यायाचे आहे. व्यायल्यानंतर गर्भाशय आक्रसून मूळ आकाराला यायला तिला पाच-सहा आठवडे लागतात. त्यानंतर पहिला माज येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या माजाला ती ठरली तर दोन वेतांतले अंतर तेरा-चौदा महिन्यांवर येते. उत्तम गोठ्याचे माप हेच. खेड्यापाड्यांतल्या बहुतेक गोठ्यांत मात्र हे अंतर दीड वर्षाच्या घरात जाते, कुठे कुठे दोन वर्षेही होतात. म्हैस आटते, भाकड उभी राहते, पण वैरण रोजची रोज लागतेच. तीन म्हशींवर चालणाऱ्या घरात एक म्हैस सात-आठ महिने जादा भाकड राहिली, की दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलात ती उणीव लगेच दिसते. मग मुलांची फी, सोसायटीचा हप्ता आणि पेंडीची उधारी यांची ओढाताण सुरू होते. म्हणून म्हशीचे वंध्यत्व हा प्रश्न जनावराच्या पोटातला असला, तरी त्याची झळ घरातल्या प्रत्येकाला बसते.

पशुवैद्यकाला येणारे बोलावणे बहुधा दोन तक्रारींपैकी एकाचे असते: म्हैस माजावर येत नाही, किंवा म्हैस उलटते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात वर्षानुवर्षे गोठे फिरलेल्या पशुवैद्यकाला पहिल्या तक्रारीबद्दल एक गोष्ट लवकरच कळते. गुदमार्गातून हात घालून बीजांडकोष चाचपला, की माजावर न येणाऱ्या कितीतरी म्हशींमध्ये टणक पीतपिंड हाताला लागतो. पीतपिंड आहे याचा अर्थ बीजांड सुटून गेले आहे, 21 दिवसांचे चक्र चालू आहे, माज येऊन गेला आहे. तो कोणाच्या नजरेला पडला नाही, एवढेच. अशा म्हशीला वांझ म्हणणे चूक आहे. तिच्यावर महागडी इंजेक्शने उधळण्याआधी तिच्याकडे पाहायला माणूस लागतो.

म्हशीचा माज मुळात मुका. गाईप्रमाणे ती दुसऱ्या जनावरावर उडत नाही, उडली तरी क्वचित. सोट गाईपेक्षा कमी असतो, आणि पुष्कळदा उभ्या म्हशीच्या निरणाला तो लोंबताना दिसतच नाही. ती बसली की जमिनीवर सांडतो आणि शेणामुतात मिसळून जातो. माजाची सुरुवात बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे होते. अंगावर येणारी चिन्हे बारीक असतात: रेकणे, घडीघडी थोडे थोडे मुतणे, शेपटी किंचित उचलून धरणे, निरणाला सूज, त्याच्या सुरकुत्या जाणे, खाण्यावरचे लक्ष उडणे, सड ताठणे, आणि धारेला बसल्यावर पान्हा चोरणे. उन्हाळ्यात तर यातली निम्मी चिन्हेही दिसत नाहीत. माज बारा ते चोवीस तास टिकतो. त्यातले बरेच तास अंधारात जातात, उरलेले घरातल्या माणसांच्या शेतावरच्या कामात.

ही चिन्हे सर्वांत आधी ओळखते ती धार काढणारी बाई. आज पान्हा का चोरला, रात्री दोनदा का ओरडली, कासेला हात लावल्यावर पाय का झाडला, हे तिला ठाऊक असते. पण दवाखान्यात येतो तो घरचा पुरुष, आणि पशुवैद्यकही त्यालाच विचारतो. नेमकी तारीख त्याला सांगता येत नाही. तोच प्रश्न गोठ्यात जाऊन काकूंना विचारला, तर मागच्या माजाची तारीख सणावारावरून, संकष्टीवरून बरोबर निघते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसावर म्हशीच्या नावाची खूण करायला सांगितली, तर पुढच्या माजाचा अंदाज घरातच येतो: खूण केल्यापासून अठराव्या दिवसापासून चोविसाव्या दिवसापर्यंत पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी म्हशीकडे लक्ष ठेवायचे. वंध्यत्वावरचा इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय दुसरा नाही, आणि इतका दुर्लक्षितही नाही. मोठ्या गोठ्यात नसबंदी केलेला रेडा सकाळ-संध्याकाळ म्हशींमधून फिरवणे हा मुका माज पकडण्याचा खात्रीचा मार्ग आहे; दोन-तीन म्हशींच्या घराला तो परवडत नाही.

याच मुक्या माजामुळे दुसरा एक घोटाळा होतो. म्हैस भरवली, 21 दिवसांनी उलटली नाही, म्हणजे गाभण राहिली, असे धरून घर निश्चिंत होते. प्रत्यक्षात ती ठरलेली नसते, पुढचे माजही कोणी पाहिलेले नसतात, आणि पोट वाढत नाही हे लक्षात यायला पाच-सहा महिने जातात. रेतनानंतर दोन-अडीच महिन्यांनी गाभणपणाची तपासणी केली असती तर यातले निदान तीन महिने वाचले असते. अनुभवी हाताला दोन महिन्यांचा गर्भ कळतो. सोनोग्राफीचे यंत्र हाताशी असेल तर महिन्याभरातच. उलटही घडते. काही म्हशी गाभण असतानाही माजाची लक्षणे दाखवतात. अशा म्हशीला न तपासता रेतनाची नळी गर्भाशयात घातली, तर असलेला गाभ जातो. वंध्यत्व निवारणाच्या शिबिरात खोड्यात उभ्या केलेल्या म्हशींपैकी काही गाभण निघतात, तेव्हा मालकाच्या तोंडावरचा आनंद पाहण्यासारखा असतो. पण तपासायला आणखी उशीर झाला असता तर ती म्हैस भाकड म्हणून बाजारात गेली असती, ही जाणीव तपासणाऱ्याला बराच वेळ अस्वस्थ ठेवते.

खरोखर माजावर न येणाऱ्या म्हशीचे बीजांडकोष लहान, गुळगुळीत आणि थंडावलेले लागतात. त्यांवर पीतपिंड नसतो, वाढता बीजपुटकही नसतो. याचे कारण बहुतेक वेळा दावणीतच सापडते. ऊसपट्ट्यात हिवाळाभर म्हशींना उसाचे वाढे मिळते. ते फुकट किंवा स्वस्त, हिरवे आणि पोटभर; पण त्यात प्रथिने कमी असतात, आणि त्यातले ऑक्झलेट शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते. कोकणात भाताचा पेंढा, दुष्काळी भागात नुसता कडबा, अशीच कहाणी. व्यायलेली म्हैस पहिले दोन-तीन महिने खाते त्यापेक्षा जास्त दुधातून देते. म्हशीच्या दुधात 6 ते 8 टक्के स्निग्धांश. तो अंगावरच्या मांसातून आणि चरबीतून जातो. फासळ्या वर आलेल्या जनावराचे शरीर पुढच्या गर्भाची तयारी करीत नाही. स्फुरद, तांबे, जस्त, मँगनीज आणि सेलेनियम यांची आणि हिरव्या चाऱ्यातून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वाची उणीव त्यात भर घालते. पोटातले जंत आणि ओढ्याकाठी चरणाऱ्या म्हशींतला यकृतकृमी यांचाही हिस्सा मोठा असतो. जंताचे औषध, रोज 50 ग्रॅमच्या आसपास क्षारमिश्रण, चमचाभर मीठ, दुधाच्या प्रमाणात खुराक आणि शक्य तिथे लसूणघास किंवा मका, एवढे दोन महिने नेमाने झाले तर त्यातल्या पुष्कळ म्हशी काही न टोचता माजावर येतात. नेमाने हा शब्द महत्त्वाचा. क्षारमिश्रणाची पिशवी विकत घेतली जाते, आठवडाभर घातली जाते आणि मग गोठ्याच्या फळीवर घट्ट होऊन बसते, हे दृश्य गावोगाव दिसते.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. म्हशीची कातडी काळी, केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फारच कमी. अंगातली उष्णता घामावाटे टाकायची सोय निसर्गाने तिला पुरेशी दिलेली नाही, म्हणून ती पाण्यात डुंबते. मार्च ते जून या काळात पत्र्याच्या खाली बांधलेल्या म्हशीची माजाची लक्षणे मावळतात, ठरलेला गर्भ सुरुवातीच्या दिवसांतच जिरून जाण्याचे प्रमाण वाढते. पंजाब-हरियाणात दिवस लहान होऊ लागले की म्हशी माजावर येतात आणि व्यायण्याचा हंगाम पावसाळा-हिवाळ्यात एकवटतो. महाराष्ट्रात दिवसाच्या लांबीतला फरक तितका मोठा नाही. इथे ऊन आणि चाऱ्याची टंचाई यांचा वाटा अधिक. म्हणूनच इथे उपायही अधिक हातातले आहेत: नदी किंवा विहिरीच्या पाण्यावर दुपारची आंघोळ, पत्र्यावर उसाचे पाचट किंवा गवत, वैरणीचा मोठा भाग रात्री, पिण्याचे पाणी दिवसभर समोर, आणि रेतन थंड वेळी. पंढरपुरी म्हैस या बाबतीत उजवी. लांब तलवारीसारख्या शिंगांची ही म्हैस दुधाला मुऱ्हापेक्षा कमी असली, तरी इथल्या उन्हाला आणि साध्या वैरणीला सरावलेली आहे आणि तिचे वेत बरेच नियमित येतात. केवळ लिटर पाहून घरची पंढरपुरी विकून बाहेरची मुऱ्हा आणणाऱ्याने दोन वेतांतले दिवसही हिशेबात धरायला हवेत.

हरियाणातून ट्रकने आलेली ताजी व्यायलेली मुऱ्हा नवे पाणी, नवी वैरण, नवे हवामान यांच्याशी जुळवून घेण्यात कित्येक महिने घालवते. दूध ती देते, माज दाखवत नाही. मुंबईच्या तबेल्यांनी हा प्रश्न फार पूर्वीपासून वेगळ्याच तऱ्हेने निकालात काढला: म्हैस आटेपर्यंत दोहायची, आटली की बदलायची. जातिवंत दुभत्या म्हशींच्या किती पिढ्या या व्यवहारात संपल्या याचे दुःख म्हैसपालनाशी जडलेल्या प्रत्येकाला असायला हवे.

वगारींचे वंध्यत्व बहुधा भुकेचे असते. पारडीला दूध कमी पाजले जाते, पुढे उरलेसुरले घातले जाते, कारण ती अजून काही देत नाही. वगार वयाने नव्हे, वजनाने माजावर येते; मुऱ्हासारख्या जातीत 300 किलोच्या आसपास. दिवसाला सरासरी 400 ते 450 ग्रॅम वजन वाढले तर हा टप्पा दोन वर्षांच्या आतबाहेर येतो. उपाशी वाढलेली वगार साडेतीन-चार वर्षे घेते, आणि पहिले वेत पाहायला पाच वर्षे लागली अशी उदाहरणे थोडी नाहीत.

उलटणाऱ्या म्हशीची गोष्ट वेगळी. माज नियमित, सोट स्वच्छ, तीन किंवा त्याहून अधिक वेळा भरवूनही ती ठरत नाही. इथे दोष शोधताना आधी माणसाकडे पाहावे. म्हशीत बीजांड माज संपल्यानंतर दहा ते चौदा तासांनी सुटते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा नियम त्यावरूनच आलेला. पण रेतन करणारा त्याच्या फेरीच्या वेळेला येतो, म्हशीच्या वेळेला नाही. गोठवलेल्या रेतमात्रेची कांडी उणे 196 अंशांच्या द्रवनत्रात असते. ती 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून वितळवायची असते. घाईच्या दिवसात ती खिशात किंवा तळहातावर चोळून वितळवली जाते. भांड्यातले द्रवनत्र कमी झाले असेल तर मात्रा आधीच मेलेली असते आणि हे कोणालाच दिसत नाही. रेत गर्भाशयाच्या मुखापलीकडे सोडायचे, फार खोलवर नाही. अननुभवी हात ते अलीकडेच सोडतो. या सगळ्याचा दोष म्हशीच्या माथी मारला जातो. थर्मामीटर, थर्मास आणि दहा मिनिटांचा धीर एवढ्याने किती तरी उलटणाऱ्या म्हशी ठरतात. ज्यांचा माज लांबतो त्यांना बारा तासांनी दुसरी मात्रा द्यावी लागते.

त्यानंतर उरतात त्या गर्भाशयाच्या दाहाच्या म्हशी. माजाच्या सोटात पांढरे कण, दुधाळपणा किंवा पू दिसला, की दाह उघड असतो; सोट काचेसारखा दिसूनही आत सौम्य दाह असू शकतो. अशा माजाला रेतन वाया जाते. दाहाचे मूळ पुष्कळदा मागच्या वेताच्या रात्रीत असते. म्हैस व्याली, वार बारा तासांत पडली नाही, आणि कोणीतरी ती हाताने ओढून काढली, किंवा लोंबणाऱ्या वारेला चप्पल, दगड, वीट बांधली. त्या ओढीने गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला इजा होते, वारेचे तुकडे आत कुजतात. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही ही समजूतही मोडायला हवी. पारडे व्यायल्यावर तास-दोन तासांत कासेला लागले तर त्याला चिकातून रोगप्रतिकारक शक्ती मिळते, आणि त्याच्या चोखण्याने सुटणाऱ्या संप्रेरकामुळे म्हशीचे गर्भाशय आकुंचन पावून वार पडायलाही मदत होते. वार राहिलीच तर ताप, खाणे आणि स्रावाचा वास यांवर लक्ष ठेवून पशुवैद्यकाने औषध द्यावे. दर माजाला गर्भाशयात नवे प्रतिजैविक सोडण्याची सवय मात्र उपकारक नाही; स्रावाची तपासणी करून औषध निवडले, तरच त्याचा अर्थ.

म्हशींच्या प्रसूतीतला सर्वांत भीतिदायक प्रसंग गर्भाशयाला पीळ पडण्याचा. गाईपेक्षा म्हशीत तो कितीतरी अधिक आढळतो. भरल्या दिवसांची म्हैस अस्वस्थ होते, उठबस करते, पोटाकडे पाहते, थोड्या कळा देते, आणि मग कळा थांबतात. पाण्याची पिशवी दिसत नाही. घरचे म्हणतात, अजून वेळ आहे. इथेच वेळ जातो. निरण किंचित आत ओढल्यासारखे दिसले, हात घातल्यावर मार्ग मुरडत गेलेला लागला, की पीळ निश्चित. बहुतेक पीळ उजव्या बाजूला असतो. उपाय जुना आहे: पीळ ज्या बाजूचा, त्या कुशीवर म्हशीला निजवायचे, पुढचे आणि मागचे पाय वेगवेगळे बांधायचे, पोटावर लांब फळी ठेवून तिच्यावर एका माणसाने भार द्यायचा, आणि म्हशीला त्याच दिशेने झपाट्याने लोळवायचे. शरीर फिरते, फळीखाली दाबलेले गर्भाशय जागेवर राहते आणि पीळ उलगडतो. यासाठी सात-आठ माणसे लागतात. मध्यरात्री बोलावल्यावरही गल्लीतली माणसे दोर घेऊन धावून येतात. गावाचा असा चांगुलपणा पशुवैद्यकाइतका क्वचितच कोणी पाहिला असेल. पीळ सुटला की अडलेले पाणी घळाघळा बाहेर येते. दीड दिवसाच्या आत हे झाले तर म्हैस आणि पुष्कळदा पारडूही वाचते. तीन दिवस लोटले तर पारडू मेलेले असते, गर्भाशय चिकटलेले असते, पोट फाडून शस्त्रक्रिया करावी लागते, आणि वाचलेली म्हैस पुन्हा गाभण राहण्याची आशा थोडी.

अंग बाहेर येणे हे त्या मानाने रोजचे. व्यायण्याआधी मायांग आणि व्यायल्यानंतर गर्भाशय बाहेर येते. मागे उतार असलेला गोठा, कॅल्शियमची उणीव, बुरशी लागलेला चारा आणि आनुवंशिकता ही त्याची कारणे. बाहेर आलेला भाग थंड पाण्याने आणि लाल औषधाने धुऊन, ओल्या स्वच्छ कापडात धरून, कुत्र्या-कावळ्यांपासून जपत पशुवैद्यकाची वाट पाहावी. म्हशीचा मागचा भाग उंच राहील असे बांधावे. ज्या म्हशीचे अंग दर वेताला बाहेर येते, तिची पारडी पैदाशीला ठेवू नये.

सहाव्या महिन्यानंतर गाभडणाऱ्या म्हशीकडे संशयानेच पाहिले पाहिजे. ब्रुसेल्लोसिसचा जंतू याच काळात गर्भपात घडवतो, वार अडकवतो, आणि माणसालाही लागतो. वारंवार चढणारा ताप, सांधेदुखी घेऊन महिनोन्महिने दवाखाने पालथे घालणाऱ्या गोठेकऱ्यांमध्ये आणि पशुवैद्यकांमध्येही तो सापडतो. पडलेला गाभ आणि वार उघड्या हाताने उचलू नये. ती चुना टाकून खोल पुरावीत. दूध उकळल्याशिवाय पिऊ नये. चार ते आठ महिने वयाच्या पारड्यांना एकदाच द्यायची लस आहे, आणि 2019 पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ती दिली जाते. नराला आणि गाभण म्हशीला ती द्यायची नसते. गावात फिरणारा एकच रेडा तपासणीशिवाय सगळ्या म्हशींना लावला, तर असे रोग दावणीदावणीने पसरतात.

संप्रेरकांची इंजेक्शने आता तालुक्याच्या दुकानातही मिळतात. बीजांडकोषावर पीतपिंड असेल तर प्रोस्टाग्लँडिनच्या एका मात्रेने तीन-चार दिवसांत माज येतो. शून्याव्या, सातव्या आणि नवव्या दिवशी इंजेक्शने देऊन दहाव्या दिवशी माजाची वाट न पाहता रेतन करण्याची पद्धत मुक्या माजाच्या म्हशीत उपयोगी पडते. गुळगुळीत बीजांडकोषांच्या, उपाशी म्हशीला मात्र यांचा फारसा लाभ होत नाही. तिच्यासाठी प्रोजेस्टेरॉनचे साधन काही दिवस योनिमार्गात ठेवतात, तेही वैरण सुधारल्यावर. आणि तपासणी न करता दिलेले प्रोस्टाग्लँडिन गाभण म्हशीचा गाभ पाडते. दुकानातून बाटली आणून स्वतः टोचणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

एवढे सगळे वगळल्यावर खऱ्या वांझ म्हशी उरतात, आणि त्या थोड्या असतात. जन्मतःच गर्भाशयाचा एखादा भाग न घडलेल्या वगारी, जुन्या दाहामुळे बीजांडकोष आणि बीजनलिका भोवतालच्या पडद्यांना चिकटलेल्या म्हशी, अवघड प्रसूतीत गर्भाशयमुख फाटून गाठाळलेल्या. हाताच्या तपासणीत त्यांतल्या बऱ्याच ओळखू येतात, काहींना सोनोग्राफी लागते. म्हैस वांझ असल्याचा निर्णय दोन तपासण्यांत किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवून, दोन्ही वेळचे निदान कागदावर लिहून, आणि मधल्या काळात वैरण व जंत यांचा प्रश्न मिटवल्यानंतरच द्यायचा असतो.